सातवी कुपी

वृंदा,

तुझ्या सातही कुप्या मी फेकून दिल्या. हे सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, पण गेले दोन महिने तुझ्या फोटोसमोर उभा राहून मी बाकी सगळं सांगत बसलोय. गार्गीचे पेपर बरे गेले, वहिनीचा फोन येऊन गेला, कुंडीतला कढीपत्ता पिवळा पडलाय. कुप्यांचं काही जिभेवर येत नव्हतं. म्हणून आज लिहायला बसलो. लिहिताना निदान तुझ्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी पुण्याहून वहिनी फोनवर म्हणाली, "भाऊजी, आधी तिची औषधं घराबाहेर काढा. गेलेल्या माणसाची औषधं घरात ठेवू नयेत, उगाच नजरेला पडत राहतात." वहिनीचं काही चुकलं नाही. आईच्या वेळी, बाबांच्या वेळी आपण हेच केलं होतं. मी फोन ठेवला, फ्रिज उघडला आणि दारातला तो निळा प्लास्टिकचा डबा ओढून काढला. इंजेक्शनं, गोळ्यांची पाकिटं, उलटी थांबवायचं ते गुलाबी सिरप. सात महिने ह्या डब्याने मला आशेवर ठेवून फसवलं होतं. एकेक बाटली हातात घेऊन वाचत बसण्याइतका धीर मला नव्हता. स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या झडपेचं झाकण उघडलं आणि डबा उपडा केला. अकरा मजले खाली जाईपर्यंत काचा आपटत गेल्या. तो आवाज ऐकून मला बरं वाटलं. त्या आठवड्यात बरं वाटलेली ती एकच गोष्ट होती.

त्या डब्यात तुझ्या कुप्या होत्या, आणि त्या तिथे मीच ठेवल्या होत्या. एकोणीस वर्षं त्या फ्रिजच्या लोण्याच्या कप्प्यात राहत होत्या. करंगळीएवढ्या, रबरी बुचाच्या, आत स्पिरिट आणि पेन्सिलीने लिहिलेला कागदाचा कपटा. "आमच्या घरात लोण्याला जागा नाही, अळ्यांना आहे," असं आल्यागेल्याला सांगून मी हशा मिळवायचो. तुझं पहिलं इंजेक्शन घरी आलं तेव्हा ते ठेवायला जागा हवी म्हणून मी कप्पा रिकामा केला आणि कुप्या औषधांच्या डब्यात सारल्या. तू तेव्हा झोपली होतीस. उठल्यावर सांगू म्हटलं, आणि मग विसरलो. पुढे औषधं वाढली तशी इंजेक्शनंही त्याच डब्यात गेली.

शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलात तू मला दोनदा विचारलंस, "कप्पा नीट आहे ना रे?" मला वाटलं, औषधाच्या गुंगीत काहीतरी बोलतेयस. "आहे, आहे, तू पड," म्हणालो.

तेराव्याच्या आदल्या दिवशी गार्गी तुझा लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. "बाबा, हू इज लिंडा? शी इज आस्किंग मम्मी फॉर द व्हायल्स." अमेरिकेतल्या तुझ्या जुन्या प्रयोगशाळेतली लिंडा. तिला तू गेल्याचं कळलेलं नव्हतं. तिने लिहिलं होतं, तू जानेवारीत कळवल्याप्रमाणे कुप्या पाठवून दे, तुझा राहिलेला निबंध आपण दोघींच्या नावाने पुरा करू, आणि सातवी कुपी जिवापलीकडे जप. म्हणजे जानेवारीत, अंथरुणावर पडल्यापडल्या, तू तिला कळवलं होतंस. मला पत्ता नव्हता. मी उठलो, फ्रिजपाशी गेलो, लोण्याचा कप्पा उघडला. आत लोणी होतं.

"व्हेअर इज इट, बाबा?" गार्गी मागून म्हणाली.

"पाठवल्या मी," मी म्हणालो. "मम्मी हॉस्पिटलात होती तेव्हाच. तिने सांगितलं होतं."

पोरीने माझ्यावर विश्वास ठेवला. तिने लिंडाला तू गेल्याचं कळवलं आणि पार्सल वाटेत आहे असंही लिहिलं. मग तिकडे ती म्हातारी रोज टपाल बघत बसली. आठ दिवसांनी तिचं पत्र आलं, अजून पोचलं नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा आलं, सिंगापूरच्या टपाल खात्यात चौकशी करता येईल का. मी एवढ्या मोठ्या जहाजांची इंजिनं दुरुस्त करतो आणि करंगळीएवढ्या काचेबद्दल दोन खऱ्या ओळी लिहायला धजत नव्हतो.

इथला कचरा जाळतात, वृंदा. आणि जाळतात कुठे, तर बेटाच्या टोकाला, गोद्यांशेजारच्या तुआसला. ज्या तुआसच्या नोकरीसाठी मी तुझं अमेरिकेतलं सगळं सोडवून तुला इथे आणलं, तिथेच. कंपनीची बस वळते तिथून ती धुराडी दिसतात. एवढी वर्षं मी तिकडे कधी पाहिलं नाही, त्या वेळात मी एक डुलकी काढायचो. आता बस वळली की मान वळते. शेजारी बसणारा मुरुगन परवा म्हणाला, "सर, व्हॉट यू लुकिंग देअर एव्हरी डे?" काय सांगू त्याला? बायकोच्या आयुष्याचं काम त्या धुराड्यातून गेलं, आणि ते मीच माझ्या हाताने घातलं? "नथिंग, लाह," म्हणालो.

लोकांना हे सांगायला गेलं तर त्यांना हसूच येईल. अळी ती कसली, तर सोंड्याची! तांदळात होतो तो सोंडा, त्याचा हा अमेरिकेतला लांबचा नातेवाईक. तांदळाच्या दाण्याच्या निम्मा, राखाडी, पुढे लांब वाकडं नाक. त्याचं लॅटिन नाव मला कधी उच्चारता आलं नाही. तू त्याला घरात 'नाकाड्या' म्हणायचीस आणि वर म्हणायचीस, "तुमच्याच घराण्यातला आहे. नाक बघ की." शंभरेक वर्षांपूर्वी कुणीतरी दोन नाकाडे टाचणीला टोचले, त्यांना नाव दिलं आणि पेटीत ठेवून दिलं. झालं. तो काय खातो, अंडी कुठे घालतो, त्याची अळी कुठे वाढते, हे नंतर कुणीच पाहिलं नाही. तू पाहिलंस. जगात फक्त तू.

आणि मी काय विचारायचो? "ह्याचा उपयोग काय?" दरवर्षी गणपतीत नाहीतर दिवाळीत, चार माणसं जमली की मी तो विषय काढायचो आणि तू चिडायचीस. एकदा मात्र चिडली नाहीस. भाजी चिरता चिरता म्हणालीस, "तो कुणाचं काही खात नाही ना, म्हणून. मक्याला लागला असता, कापसाला लागला असता, तर त्याच्यावर दहा पुस्तकं निघाली असती. ज्याचा उपद्रव नाही त्याची चौकशी कोण करतंय?" मी म्हणालो होतो, "बरोबर आहे, कशाला करावी?" आणि टीव्हीचा आवाज वाढवला होता.

तुझं ते वाक्य आता मला खायला उठतं. गेल्या वर्षीच्या मे महिन्यापासून तू ताटात अर्धी पोळी ठेवत होतीस. मी म्हणालो, "वा, डाएट का!" तू जिना टाळून लिफ्टने जायला लागलीस. मी म्हणालो, "म्हातारी झालीस." तू कण्हली नाहीस, तक्रार केली नाहीस, माझा डबा एक दिवस चुकला नाही. तुझा कुणाला उपद्रव नव्हता, आणि मी चौकशी केली नाही. डॉक्टरांनी विचारलं, "हाऊ लाँग?" तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं आणि तू पायांकडे पाहत म्हणालीस, "थ्री मंथ्स, मे बी फोर." मी शेजारच्या खुर्चीत होतो. चार महिने शेजारच्याच खुर्चीत होतो.

तू भांडली का नाहीस गं माझ्याशी? भांडली असतीस तर मला कळलं असतं. मला ओरडूनच कळतं, हे तुला पंचवीस वर्षांत माहीत झालं होतं.

इथे आल्यावर तुला माझ्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेंडंट पासवर नोकरी मिळेना. मग शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुवायचं काम मिळालं, तेही तू आनंदाने केलंस. निबंध "पुढच्या महिन्यात" लिहायचा होता. मग गार्गी, मग तिची सहावीची पीएसएलई परीक्षा, मग माझ्या आईचं आजारपण. किडे बघायची तुझी हौस उरली ती तांदळात. लिटिल इंडियातून आणलेली पिशवी पांढऱ्या ताटात ओतून खिडकीशी निवडायला बसायचीस. सोंडा सापडला की चेहरा असा व्हायचा की माहेरचं कुणी आलंय. "हा बघ, नाकाड्याचा चुलतभाऊ!" मारायची नाहीस. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये समोरच्या आंटींच्या कुंडीत नेऊन सोडायचीस. एकदा आंटी कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या. "अय्यो, मिस्टर, युअर वाइफ पुट इन्सेक्ट इन माय प्लांट, अगेन अँड अगेन! व्हाय लाइक दॅट?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तुझ्यावर ओरडलो. तू शांतपणे आंटींना म्हणालीस, "आंटी, दे ओन्ली ईट राइस. युअर प्लांट सेफ." आंटी तुझ्या अंत्ययात्रेला आल्या होत्या. परवा मला लिफ्टमध्ये म्हणाल्या, "नाऊ नो इन्सेक्ट, ऑल्सो नॉट नाइस."

तिसरं पत्र आल्यावर मी गार्गीला खरं सांगितलं. खाली फूड सेंटरमध्ये तिला घेऊन गेलो, कारण घरात सांगायचा धीर नव्हता. चार माणसांत ती ओरडणार नाही असा माझा भित्रा हिशेब. ती ओरडली नाहीच. चहाचा कप बाजूला सरकवला, अगदी तुझ्यासारखा. मग म्हणाली, "सो द वन थिंग दॅट वॉज ओन्ली हर्स, यू थ्रू."

"हो," मी म्हणालो.

"अँड देन यू मेड मी लाय टू दॅट लेडी."

"हो."

"डिड यू एव्हन रीड हर नोटबुक, बाबा? द लाँग वन? आय कांट, इट्स ऑल मराठी. आय कॅन स्पीक ओन्ली."

ती पुठ्ठ्याची लांबट वही. तुझ्या साड्यांच्या खाली होती, मला माहीत होतं. कधी उघडली नव्हती. किड्यांची मापं असणार, आणखी काय? विचार करताना इंग्रजी मधे मधे येतं म्हणून तू ती मराठीत लिहायचीस, आणि आता त्यामुळे लिंडाला ती वाचता येणार नाही, आपल्या मुलीला वाचता येत नाही. ह्या जगात त्या वहीला मी एकटाच वाचक उरलो, ज्याला त्यातलं काही नको होतं. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी रजा टाकून सकाळी वाचायला बसलो. चष्मा दोनदा पुसावा लागला.

मधल्या एका पानाशी थांबलो. ते तुझ्या अक्षरात जसंच्या तसं इथे उतरवतो.

"कुंपणाच्या तिसऱ्या खांबापासून बारा पावलं. अळी १. खोडात नाही, मुळात आहे!! इतके दिवस मी खोडंच चिरत बसले होते. ह्याने रागाच्या भरात झाड मुळासकट उपटून ताटलीत आदळलं म्हणून दिसली. हात ह्याचा, डोळा माझा. हा सिंगापूरचं विचारत होता. अळीच्या नादात उत्तर द्यायचं राहून गेलं. उद्या बोलते."

मला तो दिवस आठवतो, पण असा नाही. मला आठवते ती अमेरिकेतल्या आपल्या गावाबाहेरच्या चराशेजारची पडीक जमीन, कमरेएवढी पिवळ्या फुलांची झाडं आणि ऊन. तू गुडघ्यांवर बसून झाडाखाली पांढरी ताटली धरली होतीस आणि काडीने खोडावर टिचक्या मारत होतीस. मी मागे उभा राहून तुला सिंगापूरच्या नोकरीचं सांगत होतो. तू काही बोलेनास. मला तुझं न बोलणं सहन होत नाही. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, मी पुढे होऊन एक झाड उपटलं आणि तुझ्या ताटलीत आदळलं. "घे! आता बघ काय बघायचंय ते!" तू एक क्षण घाबरलीस. आणि मग टाळ्या पिटायला लागलीस. हसत होतीस, डोळ्यांत पाणी होतं, माझ्या मातीच्या हाताला धरून नाचवत होतीस.

मला वाटलं, तुला सिंगापूर पसंत आहे.

एकोणीस वर्षं मी हेच धरून चाललो. कुणी म्हणालं, हिचं शिक्षण अर्धवट राहिलं, तर मी सांगायचो, "छे, तीच तर नाचली होती ऐकल्यावर!" तू समोर असायचीस आणि काही बोलायची नाहीस. कधी म्हणायचीस, "नाकाड्या तूच तर काढलास, तुला नाही कळायचं," आणि मला वाटायचं, नेहमीसारखी चेष्टा करतेयस.

पुढच्या पानावर 'उद्या' नाही, वृंदा. मी वही शेवटपर्यंत दोनदा वाचली. पुढच्या पानावर अळीची लांबी आहे, त्याच्या पुढच्या पानावर आणखी दोन अळ्या. मग मूळ ओल्या वाळूत घालून जामच्या बरणीत ठेवल्याचं. ती बरणी मला आठवते, खिडकीत असायची, आणि वास येतो म्हणून मी कुरकुर करायचो. सिंगापूरला निघायच्या आधीचा तो सबंध हिवाळा तू ती सांभाळलीस. एका सकाळी बरणीत नाकाड्या फिरत होता आणि वाळूत त्याच्या अळीपणाची टाकलेली कात होती. ती कात आणि तो किडा, दोन्ही सातव्या कुपीत. ही अळी त्याचीच, दुसऱ्या कुणाची नाही, ह्याचा जगातला एकमेव पुरावा. पण सिंगापूरचं उत्तर वहीत कुठेच नाही.

आणि तुझा मोठेपणा बघ. तू लिहिलंस, 'विचारत होता'. मी विचारत नव्हतो गं. मी सांगत होतो. आदल्या दिवशी सही करून आलो होतो.

लिंडाला मी सगळं खरं कळवलं. माझ्या इंग्रजीत, जहाजाच्या दुरुस्तीचा अहवाल लिहावा तसं. तिचं उत्तर यायला पाच दिवस लागले. कुप्यांबद्दल तिने एकच ओळ लिहिली होती, ती मी इथे लिहीत नाही. मग लिहिलं होतं, वही मी भाषांतर करून पाठवावी, पण नुसत्या शब्दांवर कुणी विश्वास ठेवणार नाही, कुणीही म्हणेल की अळी दुसऱ्याच किड्याची होती. त्या जमिनीच्या एका बाजूला गोदाम झालंय. चराशेजारची पट्टी उरली असली तर असेल, लिंडा बघून आलेली नाही. तिचे गुडघे गेलेत, आणि ह्या कामाला तरुण माणूस मिळत नाही. नाकाडे जूनमध्ये पंधरा-वीस दिवस वर दिसतात, मग वर्षभर नाहीत. 'तुम्ही तिथे होतात ना?' असं तिने शेवटी विचारलं होतं.

मी तिकीट काढलं. आता पोरीचं ऐक. "बाबा, यू कांट एव्हन फाइंड युअर ओन स्पेक्स, लाह. हाऊ टू फाइंड वीव्हिल?" खरंच आहे. बैल गेला आणि झोपा केला, तोही आंधळ्याने. रोज उपग्रहाच्या नकाशात ती जागा मोठी करून बघतो. एक करडं छप्पर दिसतं, शेजारी हिरवी रेघ. ती रेघ तुझी आहे की नुसतं गवत, ते कळत नाही. मोठं करत गेलं की सगळंच धूसर होतं.

म्हणून मी सराव करतोय. गेल्या रविवारी सेरंगून रोडच्या आपल्या नेहमीच्या दुकानात गेलो आणि विचारलं, सोंडे लागलेला तांदूळ आहे का? तो तमिळ म्हातारा भडकला. "नो इन्सेक्ट हिअर, सर! ऑल फ्रेश स्टॉक! हू टोल्ड यू?" मी त्याला सांगत होतो की मला खराबच हवाय, आणि तो मला दार दाखवत होता. शेवटी मी तुझा फोनमधला फोटो दाखवला. "दिस लेडी. माय वाइफ. शी इज नो मोर." त्याने फोन हातात घेतला. "शी ऑल्वेज ओपन माय बॅग अँड लुक," तो म्हणाला. आत गेला आणि मागच्या फळीवरची एक फुटलेली पिशवी आणून माझ्या हातात ठेवली. वर म्हणाला, "डोन्ट टेल एनिबडी."

तेव्हापासून रोज सकाळी तुझ्या जागेवर, तुझ्या ताटात तांदूळ ओतून बसतो. पहिले तीन दिवस मला एकही दिसला नाही. डोळा ठरतच नाही. चौथ्या दिवशी एक दिसला, बोट लावलं आणि तो मेला. पाय पोटाशी घेऊन लोळला, कोंड्यासारखा. तेव्हा तू शिकवलेलं आठवलं. त्या चराशेजारी कितीदा सांगायचीस, "अरे, तो मेला नाही, घाबरलाय. ताटली हलवू नकोस. शंभर मोज. तरी नाही हलला तर तोंड जवळ ने आणि हा करून श्वास सोड. फुंकर नाही, फुंकरीने उडून जाईल. आरशावर सोडतो तसा. ऊब लागली की उठतो." मी विसावर पोचलो की ताटली झटकून मोकळा व्हायचो, आणि तू म्हणायचीस, "उतावळा नवरा! किती जिवंत किडे फेकलेस आज?"

मी शंभर मोजले. मग 'हा' केलं. तो उठला गं. आधी एक पाय, मग ते नाक. आंटींच्या कुंडीत नेऊन सोडला. आंटी दारातून बघत होत्या.

आता एक राहिलं. ते गार्गीलाही सांगितलेलं नाही. त्या दुपारी नर्सने घड्याळात बघून वेळ लिहिली, पडदा ओढला आणि "टेक युअर टाइम, अंकल," म्हणून गेली. गार्गी फोन करायला बाहेर गेली होती. तुझा हात चादरीवर होता, बोटं आत वळलेली. मी खुर्ची पुढे ओढली आणि एकपासून मोजायला लागलो. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा पूर्ण शंभर मोजले. मग तुझ्या मनगटाशी तोंड नेलं आणि 'हा' केलं. बोटांवर केलं, तळव्यावर केलं. ऊब लागावी म्हणून हात दोन्ही हातांत धरून केलं. गार्गी आत आली तेव्हा मी दुसऱ्यांदा साठावर होतो. "बाबा," ती म्हणाली, "कम, लेट हर बी." मी उठलो. चाळीस मोजायचे राहिले होते. तीन दिवसांनी मी तुझ्या कुप्या झडपेत ओतल्या.

मला माफ कर असं लिहिणार नाही. त्यावरही तू उत्तर देऊ शकणार नाहीस, आणि मी पुन्हा तुझ्या गप्प राहण्याचा मला हवा तो अर्थ काढीन. जूनमध्ये तिथे नाकाड्या मिळेल असंही मला वाटत नाही. गोदाम असेल, गवत असेल, मला मूळ आणि माती ह्यातला फरक कळणार नाही. पण कुंपणाचे खांब उरले असतील तर तिसरा शोधीन आणि बारा पावलं मोजीन. तिथे गुडघे टेकून ताटली धरीन. झाडाला हात लावायच्या आधी तुला विचारीन, ह्या वेळी सही न करता: वृंदा, सिंगापूरची नोकरी आलीय, जाऊ या का आपण?

आणि मग शंभर मोजीन. ताटली न हलवता.